भाच्याच्या ऑटिझमसाठी स्टेम सेल, ताई सोनं मोडायला निघालीय, कसं सांगू तिला?

सांगलीचा_मामा

नमस्कार मंडळी, मी इथं नुसता वाचणारा, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण तासगावकडे दिलीय, दाजींची द्राक्षबाग आहे. भाचा साडेतीन वर्षांचा. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, डब्यांची टोपणं फिरवत तासन् तास बसतो. दिवाळीनंतर पुण्याला डेव्हलपमेंटलच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दोन तास बसून तपासलं आणि ऑटिझम सांगितला, ओटी, म्हणजे रोजची कामं खेळातून शिकवायची थेरपी, आणि स्पीच, म्हणजे बोलण्याची थेरपी, सुरू करा म्हणाले. आठवड्यातून दोनदा ताई त्याला घेऊन एसटीनं सांगलीला येते, सहा महिने झाले.

ज्या दिवशी पुण्याहून परत आले त्याच रात्री ताईनं फोनवर शोधलं, ऑटिझम पूर्ण बरा होतो का. आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं फेसबुक इन्स्टा सगळं त्याच जाहिरातींनी भरलं. आधी न बोलणारं पोरगं आणि नंतर कविता म्हणणारं पोरगं, मेंदूचे रंगीत फोटो, रडणारी आई हात जोडून डॉक्टरांचे आभार मानतेय. एका जाहिरातीखाली फॉर्म होता, मुलाचं वय आणि नंबर टाकायचा, तिनं टाकला. पंधरा मिनिटांत फोन. बोलणारी बाई स्वतःला काउन्सेलर म्हणते, ताईला 'मॉम' म्हणते, रोज रात्री गुड नाईटचा मेसेज करते. तिनं सांगितलंय की पाच वर्षांच्या आत स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचायचा उपचार, केला तर १०० मधली ९० मुलं नॉर्मल शाळेत जातात, नंतर मेंदूची खिडकी बंद होते आणि मग कुणीच काही करू शकत नाही. एका सिटिंगचे ३ लाख, तीन सिटिंग लागतील, या महिन्यात बुक केलं तर ४० हजार सूट, बाकी ईएमआय. दाजींनी २५ हजार टोकन भरलंसुद्धा.

आता ताई पाटल्या आणि गंठण मोडायचं म्हणतेय. मी म्हटलं जरा थांब, चौकशी करू, तर म्हणाली तुला मूल नाही तुला काय कळणार, उद्या त्याची खिडकी बंद झाली तर तू येणार आहेस का सांभाळायला. त्यावर मला काही बोलताच आलं नाही. घरात सासूबाई आधीच म्हणतात की मोबाईल दाखवून दाखवून पोराला असं केलंस. तिला कुणी एकजण तरी सांगतंय की बरं होईल, आणि तो आवाज मी बंद करायला निघालोय असं तिला वाटतंय.

गावातल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले आपलेच सेल आपल्याला देतात, करून बघायला काय हरकत आहे.

यात खरं किती आहे? आणि खोटं असेल तर तिला सांगायचं कसं? दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय.

निशिगंधा_नाशिक

दादा, तुमच्या ताईच्या जागी मी चार वर्षांपूर्वी होते. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पण काय होतं ते सगळं सांगते, कारण फोनवर सांगतात ते आणि प्रत्यक्ष होतं ते यात फरक आहे.

पहिल्या दिवशी रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा पेट स्कॅन. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी पोटी नेलं, भूल दिली, कंबरेच्या हाडातून जाड सुईनं मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढला. तो लॅबमध्ये नेला, दुपारी परत आणला आणि पाठीच्या मणक्यात टोचला. संध्याकाळी शुद्धीवर आला तेव्हा दोन ठिकाणी पट्ट्या आणि डोकं धरून रडत होता, बोलता येत नाही म्हणून कुठं दुखतंय तेही सांगता येत नव्हतं, मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले. ते मी आजही विसरलेले नाही.

पुढचे पाच दिवस मात्र खूप छान गेले. रोज चार चार तास ओटी, स्पीच, खेळ, आहाराचं वेळापत्रक, आम्हा दोघांनाही शिकवत होते त्याच्याशी कसं खेळायचं. पाचव्या दिवशी तो थेरपिस्टच्या डोळ्यात बघून हसला. त्याच दिवशी डिस्चार्ज आणि त्याच दिवशी कॅमेरा. मला विचारलं फरक वाटतो का, मी रडत रडत हो म्हटलं. ते खोटं नव्हतं हो, मला खरंच वाटत होतं. घरी आल्यावर मी ते खेळ सोडले नाहीत म्हणून सहा महिने थोडी थोडी प्रगती होत राहिली, आणि आम्ही सगळं श्रेय त्या सुईला दिलं. दुसऱ्या सिटिंगला गाडी विकली. त्यानंतर काहीच वेगळं झालं नाही. विचारलं तर म्हणाले तिसरं करा, दोन डोसनं काही मुलांना पुरत नाही.

मी रडतेय तो व्हिडिओ अजून फिरतोय. दोनदा लेखी कळवलं काढा म्हणून, उत्तर नाही. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, तोंडानं आठ दहा शब्द बोलतो, बाकी आयआयटी मुंबईच्या लोकांनी बनवलेलं जेलो म्हणून एक मोफत अ‍ॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं, त्यावर तो सांगतो भूक लागली, बाहेर जाऊ, नको. तुमच्या ताईसारख्याच कुणी आईनं माझा व्हिडिओ बघून फॉर्म भरला असेल का, हा विचार आला की झोप लागत नाही.

ताईला माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथं व्यनि (खाजगी निरोप) करा, कधीही.

मॅरो_लॅब

मी बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटच्या लॅबमध्ये काम करतो. स्टेम सेल हा माझ्या रोजच्या कामातला शब्द आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टेम सेल उपचार खोटा नाही हे आधी सांगतो. थॅलेसेमियाची मुलं, ल्युकेमियाचे पेशंट, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, यांना मॅरो किंवा रक्तातल्या स्टेम सेल देतात आणि माणसं त्यानं खरंच बरी होतात, मी रोज बघतो. का होतात? कारण त्या पेशींचं कामच रक्त तयार करणं आहे, बिघडलेला कारखाना काढून नवा बसवायचा. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि बायोटेक्नॉलॉजी विभाग यांची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात स्वच्छ लिहिलंय की अशा रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांत हे ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर प्रायोगिक समजायचा, तो फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीतच, करायचा, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. तुम्हाला ३ लाखांचं कोटेशन आलंय, म्हणजे ती ट्रायल नाही. आणि ट्रायल नसेल तर मग ते काय आहे, हे त्यांनी तुम्हाला लिहून द्यावं.

कंबरेच्या मॅरोतल्या पेशी पाठीत सोडल्या म्हणून त्या मेंदूत जाऊन नवीन मेंदूपेशी होतात याला आधार नाही. त्यात ऑटिझम म्हणजे मेंदूचा एखादा भाग जळालाय आणि तिथं ठिगळ लावायचंय असं नसतंच, मेंदूची जडणघडणच वेगळ्या पद्धतीनं झालेली असते. ते रंगीत पेट स्कॅनचे फोटोही सोडून द्या, ऑटिझमचं निदान किंवा त्याचं मोजमाप स्कॅनवर करत नाहीत, मुलाच्या वागण्यावरून करतात, पुण्याच्या डॉक्टरांनी दोन तास बसून केलं तसं.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठानं नीट ट्रायल केली होती, २०२० साली छापून आली. २ ते ७ वर्षांची १८० मुलं, काहींना नाळेतल्या रक्ताच्या पेशी शिरेतून दिल्या आणि काहींना नुसतं दिसायला तसंच द्रावण. कुणाला काय दिलं ते आईवडिलांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नाही. इतरांशी मिळूनमिसळून वागण्याचं जे मुख्य मोजमाप आधीच ठरवलं होतं, त्यात दोन गटांत फरक निघाला नाही. या पेशींवर मनापासून आशा ठेवून काम करणारीच ती माणसं होती, तरी आलं तसं त्यांनी छापलं.

आणि डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या, म्हणजे डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या, नीतिमत्ता मंडळानं सांगितलं की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, आणि डॉक्टरनं तशी जाहिरात किंवा प्रचार केला तर ते व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल.

गावच्या डॉक्टरांच्या 'काय हरकत आहे'बद्दल. हरकत आहे. साडेतीन वर्षांच्या पोराला भूल द्यायची, हाडात सुई, मणक्यात सुई, जंतुसंसर्गाची भीती, नंतरची डोकेदुखी, आणि काही मुलांना झटके आल्याच्याही नोंदी आहेत. उपयोग नक्की असेल तर आपण मुलांना एवढं सोसायला लावतो, थॅलेसेमियात याहून कितीतरी जास्त लावतो. इथं त्या बदल्यात काय मिळतंय?

साडू_चिपळूणकर

सगळे एकाच बाजूनं लिहितायत म्हणून लिहितो, भांडायचा हेतू नाही. माझ्या साडूच्या मुलीला असाच उपचार केला, चार वर्षांची होती. आधी एक शब्द नव्हता, आता 'आई पाणी दे' म्हणते. मी माझ्या कानानं ऐकलंय. तुमची गाईडलाईन काहीही म्हणू दे, ज्याच्या घरात मूल बोललं त्याला तुम्ही काय सांगणार? आणि मोठी हॉस्पिटलं आहेत हो ही, चांगली शिकलेली डॉक्टर मंडळी आहेत, एमडी वगैरे. सरकारनं बंदी घालायची तर दुकानं उघडी कशी? आईबापांनी सगळं करून बघायचं नाही तर कुणी बघायचं?

मॅरो_लॅब

साडू_चिपळूणकर, मुलगी बोलली याचा मला खरंच आनंद आहे आणि तुम्ही ऐकलंत ते खोटं असं मी अजिबात म्हणत नाही. पण वरती निशिगंधाताईंनी लिहिलंय तेच तुमच्या साडूंना विचारून बघा, त्या काळात ओटी स्पीच चालू होतं का, घरी शिकवणं वाढलं का. बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्येच थेरपी असते. ऑटिझम असलेली बरीच मुलं चार ते सहाच्या दरम्यान काही ना काही बोलायला लागतात, सुई टोचली तरी आणि नाही टोचली तरी. एका मुलीवरून कशानं झालं ते सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. म्हणूनच ड्यूकवाल्यांनी १८० मुलं घेतली.

दुकानं उघडी कशी, हा प्रश्न मात्र बरोबर आहे आणि त्याचा मलाही राग येतो. मॅरो त्याच दिवशी काढला, फारशी प्रक्रिया न करता त्याच मुलाला परत दिला तर ते 'औषध' ठरतच नाही, मग औषध नियंत्रकाची परवानगी कशाला, असा युक्तिवाद ही मंडळी करत आलीयत. त्या फटीतून हे सगळं चालत आलंय. आणखी एक, ते सीटीआरआयचा नंबर दाखवतील. ती ट्रायलची नोंदवही आहे. तिथं नाव नोंदलं म्हणजे उपचार सिद्ध झाला किंवा विकायला मंजूर झाला असं होत नाही.

जुना_मार्केटिंगवाला

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. मी एका डिजिटल एजन्सीत होतो आणि अशाच एका क्लायंटचं काम मी आठ महिने केलंय. स्टेम सेलचं नव्हतं, दुसऱ्या एका न बऱ्या होणाऱ्या आजाराचं होतं, पण पद्धत तीच.

मामा, तुमच्या ताईला ती जाहिरात योगायोगानं दिसलेली नाही. आम्ही लोक रात्री काय टाईप करतात त्याच्या याद्या बनवायचो. तुमच्या बाबतीत ती यादी अशी असेल, 'मुलगा बोलत नाही', 'मुलगा हाक मारल्यावर बघत नाही', 'ऑटिझम बरा होतो का मराठी'. एकदा माणूस आमच्या पेजवर येऊन गेला की तो पुढं जाईल तिथं जाहिरात त्याच्या मागं. शिवाय आधी फॉर्म भरलेल्या लोकांची यादी फेसबुकला द्यायची आणि सांगायचं यांच्यासारखेच आणखी शोधून दे, ते मशीन बरोबर शोधतं. रात्री अकरा ते एक या वेळात बजेट जास्त लावायचो कारण तेव्हा फॉर्म जास्त भरले जातात. तेव्हा माणूस एकटा जागा असतो आणि घाबरलेला असतो, हे आम्हाला माहीत होतं. आकडेवारीतच दिसायचं.

फोन करणारे काउन्सेलर म्हणजे सेल्सचे लोक. त्यांना टार्गेट असतं, स्क्रिप्ट असते, 'मॉम' म्हणायचं हेसुद्धा स्क्रिप्टमध्ये असतं. पंधरा मिनिटांत फोन का, तर तासाभरानं माणूस कुणाला तरी विचारतो आणि थंड पडतो. महिनाअखेरची सूट दर महिन्याला असते.

गुगलनं २०१९ मध्येच जाहीर केलं होतं की सिद्ध न झालेल्या उपचारांच्या, त्यात स्टेम सेलसुद्धा, जाहिराती घेणार नाही. पण शब्द बदलतात, सेल थेरपी, रिजनरेटिव्ह, न्यूरो असं काहीतरी. किंवा उपचाराचं नावच घेत नाहीत, नुसती आईची मुलाखत आणि खाली फॉर्म.

एका मुलीच्या वडिलांनी मला चुकून क्लायंट समजून थेट फोन केला होता, विचारत होते शेत गहाण ठेवलं तर चालेल ना, नक्की फरक पडेल ना. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथं लिहायची हिंमत नाही. त्या महिन्यात नोकरी सोडली, पण ते उत्तर देऊन झालं होतं.

ताईच्या फोनवर जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, त्यात 'ही जाहिरात मला का दिसतेय' असतं ते तिच्याच हातानं उघडून बघू द्या, आणि तिथूनच ती जाहिरात लपवायला लावा. जाहिराती कमी झाल्या की डोकं जरा शांत होतं.

ग्राहक_सखी

मी ग्राहक चळवळीत गेली बरीच वर्षं काम करते. तक्रारीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी पुरावा. फेसबुकची अ‍ॅड लायब्ररी म्हणून एक पान आहे, तिथं त्या पेजचं नाव टाकलं की चालू असलेल्या सगळ्या जाहिराती दिसतात. पण आपल्याकडे जाहिरात बंद झाली की राजकीय सोडून बाकीच्या तिथून जातात, म्हणून आजच्या आज स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. व्हॉट्सअ‍ॅपवरचे '१०० मधली ९० मुलं' असे मेसेज असतील तर ते सोन्यासारखे जपा, एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा. फोनवर सांगितलं असेल तर त्यांना मेसेज करून विचारा की तुम्ही असं म्हणालात ना, उत्तर येतंच.

कायदा कुठला? १९५४चा औषधं आणि जादूटोण्यासारख्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आहेत, मधुमेह, कॅन्सर, लकवा, अपस्मार, अंधत्व वगैरे, ते बरे करू असं सांगणारी जाहिरात करायचीच नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. पण त्या यादीत ऑटिझम नाही, १९५४ साली आपल्याकडे तो शब्द कुणाला माहीत होता? त्याच कायद्याचं कलम ४ औषधाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला लागतं, पण मग ते म्हणणार हे औषधच नाही. म्हणून मी फक्त त्यावर अवलंबून राहू नका म्हणेन.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जास्त उपयोगाचा. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, परत केली तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात थांबवायचा आदेश. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरून सुरू करता येते, मराठीत बोलता येतं. जाहिरातींसाठी मुंबईची एएससीआय म्हणजे जाहिरातदारांचीच नियमन संस्था, तिथं ऑनलाईन तक्रार फुकट होते. आणि डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, कारण २००२च्या आचारसंहितेत डॉक्टरनं पेशंट मिळवायला जाहिरात करणंच मना आहे आणि वर मॅरो_लॅब यांनी सांगितलेलं २०२२चं आहेच. डॉक्टरची नोंदणी दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या कौन्सिलकडे.

खरं सांगते, हे सगळं हळू चालतं. पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण आठवा, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनं सुप्रीम कोर्टात २०२२ मध्ये नेलं आणि वर्तमानपत्रात माफीनामे छापून यायला एप्रिल २०२४ उजाडलं, तेही कोर्टानं धारेवर धरल्यावर. म्हणून तक्रार कराच, पण ताईचे पैसे वाचवायचे तर ते तक्रारीच्या निकालाची वाट बघून वाचणार नाहीत. टोकनसाठी आजच लेखी मागणी करा, ईमेलनं, 'उपचार घेणार नाही, रक्कम परत करा'. नाही म्हणाले तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, एवढ्या रकमेला वकील लागतोच असं नाही, फीसुद्धा नाही.

विशेष_शिक्षिका

मामा, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला, पहिल्याला वर चांगली उत्तरं आलीयत. मी वीस वर्षं अशा मुलांबरोबर काम करते.

ताईला 'हे खोटं आहे' असं पहिल्या वाक्यात सांगू नका. ती ते वाक्य 'तुझ्या पोराचं काही होणार नाही' असं ऐकेल. तिला आज त्या फोनवरच्या बाईशिवाय रोज कुणी विचारत नाही, मॉम आज कसा आहे तो, जेवला का. सासरचे दोष देतात, दाजी बागेत, तुम्ही पुण्यामुंबईत कुठंतरी असाल. ती जागा रिकामी आहे म्हणून ती बाई तिथं बसलीय. आधी ती जागा तुम्ही घ्या. दोन दिवस रजा टाकून जा, सांगलीच्या थेरपीला ताईबरोबर एसटीनं तुम्ही जा, भाच्याला कडेवर तुम्ही घ्या. टोपणं फिरवत बसला की तुम्हीही शेजारी बसून टोपण फिरवा, तो बघेल तुमच्याकडे, कदाचित तिसऱ्या दिवशी बघेल. मग बोला.

आणि मोबाईलमुळे झालं म्हणणाऱ्या सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा की ऑटिझम मोबाईलनं होत नाही, आईच्या चुकीनं होत नाही. हे एक वाक्य ऐकलेल्या किती आया माझ्यासमोर ढसाढसा रडल्यात. मला वाटतं अर्धे दागिने त्या अपराधी वाटण्यापायी मोडले जातात.

खिडकी बंद होण्याबद्दल. लवकर सुरू केलेलं चांगलं हे खरं आहे, म्हणून ते खोटं पटकन खपतं. पण पाचव्या वाढदिवसाला काही बंद होत नाही. माझ्याकडे अकराव्या वर्षी पहिल्यांदा चित्रकार्डानं 'पाणी' मागितलेला मुलगा आहे, बाराव्या वर्षी सायकल शिकलेली मुलगी आहे. त्या लवकरच्या वर्षांत करायचं काय, तर तुमची ताई करतेय तेच, फक्त दोन दिवसांऐवजी घरी रोज. आंघोळ घालताना, भाकरी करताना, एकच शब्द, तोच शब्द, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर बसून.

नऊ लाखांत काय येतं याचा हिशोब ताईसमोर मांडा. आठवड्याला चार थेरपी कितीतरी वर्षं. आणि जे फुकट किंवा कमी पैशात आहे ते तिला कुणी सांगितलंय का बघा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी असतं, विकास मागं पडलेल्या मुलांसाठीचं केंद्र, मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी आरबीएसके योजनेतलं, तिथं तपासणी आणि थेरपीला पैसे नाहीत. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. त्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना, वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा, ओपीडी आणि थेरपीचाही काही खर्च त्यातून मिळतो. कागदपत्रांना हेलपाटे पडतात, ते हेलपाटे मामानं घालावेत असं मला वाटतं.

सांगलीचा_मामा

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा, फोनला हात लावायलाही वेळ नव्हता. विशेष_शिक्षिका ताईंचं वाचून रजा टाकली आणि गेलो.

पहिले तीन दिवस मी स्टेम सेलचा विषयच काढला नाही. एसटीनं दोनदा सांगलीला गेलो. परत येताना भाचा माझ्या मांडीवर झोपला. ताई म्हणाली हा कुणाकडे झोपत नाही. चौथ्या दिवशी रात्री तिनंच विषय काढला, तू काहीतरी बोलायला आलायस ना. मग मी निशिगंधाताईंशी तिचा फोन जोडून दिला. दोघी सव्वा तास बोलल्या, मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाली त्या बाईंचा व्हिडिओ मी बघितला होता रे, फॉर्म भरायच्या आधी तोच बघितला होता.

निशिगंधाताई, हे तुम्हाला तिनं सांगितलं की नाही माहीत नाही. इथं लिहिताना दहा वेळा विचार केला. पण तुमच्यामुळेच ती थांबलीय हेही तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी ताईनं स्वतः त्या काउन्सेलरला मेसेज केला, ही ट्रायल आहे का, असेल तर परवानगीचा कागद पाठवा आणि पैसे का घेता, नसेल तर कुठल्या नियमानं करता ते लिहून द्या. उत्तरात एक व्हिडिओ आला आणि 'मॉम आय अंडरस्टँड युअर फीलिंग' असं. कागद नाही. तिनं परत विचारलं. दोन दिवसांनी तिकडच्या सीनियरचा फोन, तो दाजींना, ताईला नाही, की मॅडम घाबरल्यात, तुम्ही निर्णय घ्या, स्लॉट जाईल.

दाजी अजून पूर्ण पटलेले नाहीत. त्यांचं म्हणणं एक सिटिंग करून बघू, यंदा बागेचे पैसे आलेत, पोरासाठीच तर कमावतो. त्यांच्याशी वाद घातला नाही मी. मॅरो_लॅब, तुम्ही लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं, हाडात आणि मणक्यात सुई इथं आल्यावर ते उठून बागेत गेले. रात्री जेवताना एवढंच विचारलं, भूल किती वेळ असते.

टोकन परत मागायचा ईमेल पाठवलाय, 'नॉन रिफंडेबल' असं उत्तर आलंय, ग्राहक_सखी, तो स्क्रीनशॉट तुम्हाला व्यनिनं पाठवतो, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगा. जाहिरातींचे ३१ स्क्रीनशॉट काढलेत.

पाटल्या अजून ताईच्या हातात आहेत. मंगळवारी सिव्हिलला प्रमाणपत्रासाठी बोलावलंय, मी परत रजा टाकलीय. सासूबाई म्हणाल्यात मी पण येते, डॉक्टरांना विचारायचंय.